आम्ही डोंगरात राहून आलो

आमच्या वस्तीतली माणसे प्रवास पुष्कळ करतात, पण फिरायला म्हणून कोणी जात नाही. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, जमल्यास दसऱ्याला नागपूर आणि लग्नकार्य निघाले की गाव. त्यामुळे डोंगरात तंबू ठोकून दोन रात्री राहायचे आणि त्यासाठी वर पैसेही भरायचे, असा विषय घरात निघाला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं सभा कोनाची हाय?"

सभा कोणाचीच नव्हती. कल्याणची काही तरुण मुले कळसूबाईच्या बाजूला कुटुंबांसाठी शिबिर भरवतात, ते थोरलीला शाळेत कळले होते. मोठ्या माणसाला १५०० रुपये, मुलांना निम्मे. आम्ही पाचजण, म्हणजे ६००० रुपये, गाडीभाडे वेगळे. हे इमारतींना बाहेरून रंग मारण्याचे काम करतात. त्यांची ती आठ दिवसांची मजुरी होते. मी फॉल-पिकोच्या पैशांतून वर्षभर थोडे थोडे बाजूला काढले होते, म्हणून ते जमले. नाहीतर बोलायचीच सोय नव्हती.

सासूबाईंना (मुलांबरोबर आम्हीही आता त्यांना आजीच म्हणतो) न्यायचे की नाही, यावर मात्र आठवडाभर वाद झाला. ह्यांचे म्हणणे, आईचे गुडघे दुखतात, काही झाले तर कोण निस्तरणार? थोरलीने अर्जावर परस्पर आजीचे नाव लिहून टाकले. अर्जात 'कुटुंब' असे छापले होते, ती म्हणाली, कुटुंबात आजी धरतात. आजी त्या वेळी ६१ वर्षांच्या होत्या. पूर्वी पाच घरची धुणीभांडी करायच्या, आता दोन घरची करतात. त्या म्हणाल्या, "डोंगर मला नवा न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडीच्या कामावर डोंगर फोडाया जायचो, सुकडी खाऊन. चढाया म्हनून कदी गेलो न्हाई, येवढंच."

२६ जानेवारी २०२४ हा शुक्रवार होता. सकाळी शाळेचे झेंडावंदन आटोपून आम्ही कसारा लोकल धरली. पुढे जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून डावी-उजवीकडे भातखाचरे बघत भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी. सहा कुटुंबे, २३ माणसे. हा सगळा मुलूख अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतो (तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते). १९८६ सालापासून इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. म्हणजे डोंगर, जंगल, गावे, किल्ले सगळे त्यातच आले. शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात त्याच्याहून उंच जागा नाही.

आम्हांला घेऊन फिरणारा वाटाड्या तिथल्याच गावचा, महादेव कोळी समाजाचा, असेल पस्तिशीचा. जीपमधून उतरताच आजींनी सवयीने 'जय भीम' केला. तो हात जोडून म्हणाला, "जय भीम आजी, जय आदिवासी." आजींच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला. पाण्याचा ड्रम एकच होता आणि त्याला पेलाही एकच होता. सहाही घरची माणसे त्यातूनच पाणी पीत होती. आजी काही बोलल्या नाहीत, पण पहिल्या संध्याकाळी त्यांनी तेवढे नीट पाहून ठेवले, हे मी पाहिले.

तंबू ठोकणे हे आपल्याला वाटते तसे चार काठ्यांचे काम नाही. जागा आधी पाहावी लागते. वाळक्या फांद्यांखाली नको, पाण्याच्या अगदी कडेला नको, उतारावर नको. मग खडे वेचायचे, कारण दिवसा न दिसलेला खडा रात्री पाठीत दिसतो. खुंटी सरळ नाही, तंबूच्या उलट बाजूला कललेली ठोकायची, म्हणजे वाऱ्याने ताण बसला तरी ती उपटत नाही. धाकट्याने सात खुंट्या ठोकल्या आणि घरी आल्यावर वस्तीतल्या पोरांना सत्तर सांगितल्या. झोपायच्या पिशवीला आजी पोते म्हणत. "पोत्यात घालून तोंड बांधलं की मानूस भाजीपाला झाला," असे म्हणून त्यांनी चेन अर्धी उघडी ठेवली आणि वर आपली गोधडी घेतली. पहाटेची थंडी एवढी की नाक आपले आहे की नाही ते चाचपून पाहावे लागे.

वाटाड्याने नियम थोडेच सांगितले, पण एकेकाकडून वदवून घेतले. रानात बिबट्या आहे, तेव्हा रात्री एकट्याने तंबूबाहेर जायचे नाही, दोघांनी बॅटरी घेऊन जायचे. अत्तर-सेंट लावायचे नाही, कड्यांवर आग्यामोहोळ असते. कागद, प्लॅस्टिक जे आणाल ते परत न्यायचे. शेकोटी मिळणार नाही, अभयारण्यात आग पेटवायला कायद्याने मनाई आहे. एका कुटुंबाचा त्यावर फार हिरमोड झाला, शेकोटीशिवाय कसले शिबिर म्हणाले. मला विचाराल तर चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला शेकोटीचे एवढे अप्रूप नसते. मला अप्रूप वाटले ते ताटावर आयते बसण्याचे. स्वयंपाक गावातल्या एका ताईच्या घरी होत होता. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात. मी दोनदा उठून आत गेले, तर तिने दोनदा बाहेर बसवले. "तुम्ही पैसे दिलेत ताई, आणि मला त्याचे मिळतात," असे ती म्हणाली. शिबिराच्या पैशांतला किती भाग गावात राहतो, हे संयोजकांनी न विचारता सांगितले, तेही मला आवडले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे नाव ती ताई माहेरच्या माणसाचे घ्यावे तसे घेत होती.

जेवण झाल्यावर ती सहज म्हणाली की धरण उशाशी आहे, पण मे महिन्यात हंडा घेऊन आम्ही लांब जातो. भंडारदऱ्याचे धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. पाणी प्रवरेने खाली जाते आणि खालचा ऊस पिकवते. वरच्या वाड्यांनी जमिनी दिल्या. वाटाड्याचे घरही पावसाळ्यात भात, पुढे हिरडा गोळा करून विकणे आणि शनिवार-रविवारी अशा माणसांना डोंगर दाखवणे, यावर चालते. राघोजी भांगरे यांची गोष्ट त्याने मुलांना सांगितली. याच मातीतला कोळी माणूस सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. आम्ही ठाणे जिल्ह्यातले, त्या तुरुंगाच्या भिंतीवरून बस जाते. पोरांना ते माहीत नव्हते आणि खरे तर आम्हांलाही नव्हते.

मग त्याने कळसूबाईची गोष्ट सांगितली. इकडे ती अशी सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर होती. पाटलाच्या घरी ती कामाला राहिली, पण अट घालून. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते करीन. पुष्कळ दिवस ठरल्याप्रमाणे चालले. एके दिवशी घरात पाहुणे फार झाले आणि तिला केर काढायला, भांडी घासायला लावले. तिने तेवढे केले, आणि उठून जी डोंगर चढून गेली ती परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, अशी नावेही लोक दाखवतात.

सगळ्यांनी वा वा केले. आजी मात्र गोधडीतून म्हणाल्या, "मंग पाटलाची भांडी नंतर कोनी घासली?"

वाटाड्या हसला, मग थांबला. "आजी, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"दुसरी पोर लावली असंल," आजी म्हणाल्या. "तिची काय गोष्ट न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने बारी गावात गेलो. चढाई तिथून सुरू होते. अंधारात बॅटऱ्या घेऊन निघालो, तेव्हा वाटाड्याने रांग लावली. आमचा अंदाज असा की दमदार माणसे पुढे राहतील आणि म्हातारी, लेकरे मागून येतील. त्याने उलटे केले. सर्वांत हळू चालणारे माणूस त्याच्या पाठोपाठ, आणि सर्वांच्या मागे संयोजकांपैकी एकजण, ज्याच्या मागे कोणी राहायचे नाही. मागे राहिलेला माणूस घाईने चालतो, घाईने चालणारा घसरतो, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे आजी रांगेच्या तोंडाशी आल्या आणि २२ माणसे त्यांच्या पावलाने चालू लागली. आजी थांबल्या की सगळे थांबत. सकाळी सहाच्या ठोक्याला नळ, सातला पहिले घर, नऊला दुसरे, अशी जन्मभर दुसऱ्यांच्या घड्याळामागे पळालेली ही बाई. पहिल्या दोन वळणांवर ती ओशाळून मागे बघत होती. तिसऱ्या वळणावर तिने मागे बघणे सोडले.

अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पहिल्या शिडीशी वाटाड्याने आजींना पाच पायऱ्या चढायला लावल्या आणि लगेच शिडीकडे तोंड ठेवून उलट उतरायला लावल्या. चढता आले म्हणजे झाले नाही, उतरता आले पाहिजे, तेव्हाच वर नेणार, असे त्याने आधीच बजावले होते. आजी उतरल्या. गच्चीच्या टाकीच्या शिडीवर त्या कपडे वाळत घालायला रोज चढत असत, ते तिथे कामी आले. आमच्याबरोबरच्या एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाला मात्र उतरताना घेरी आली. त्याला गोड सरबत पाजून तिथल्या टपरीवर सावलीत बसवले. त्याला कोणी हसले नाही.

उजाडले तेव्हा आम्ही बरेच वर होतो. रिकामी भातखाचरे पाटीवर रेघा ओढल्यासारखी दिसत होती. धाकट्याने विचारले, "आपण तर देव मानत नाही, मग कळसूबाईला कशाला चाललो?" प्रश्न बरोबर होता आणि मी उत्तर जुळवत होते. आजी पुढूनच म्हणाल्या, "देवी म्हनून नको बघू. कामावरची बाई हाय ती." ते त्याला पटले.

शिखराच्या खाली एक विहीर आहे आणि पुढे शेवटची शिडी. तिथे पोहोचायला आम्हांला साडेचार तास लागले. वारा असा सुटला होता की बोललेले शेजारच्याला ऐकू येत नव्हते. वाटाड्या म्हणाला, लहान मुलांना आणि आजींना वारा उतरेपर्यंत मी शिडीवर घेणार नाही. अर्धा तास वाट पाहिली. वारा उतरला नाही. माथा डोळ्यांसमोर, आमच्या बैठ्या चाळीवर दोन चाळी ठेवाव्यात एवढाच उरलेला. ह्यांना वाटत होते की आईला आधार देऊन न्यावे, एवढे आलो आहोत. वाटाड्या शांतपणे नाही म्हणाला. शेवटी आजींनीच निकाल दिला. "वर देऊळच हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या." आणि थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलावे तशा म्हणाल्या, "ती चढून ग्येली ती ग्येली. तिला परत कामावर जायचं नव्हतं. मला सोमवारी हाय. गुडघे जपाया पायजेत."

हे आणि थोरली वर गेले. मी, आजी आणि धाकटा खाली दगडाच्या आडोशाला बसून शेंगदाणे-गूळ खात राहिलो. त्यामुळे शिखरावर काय दिसते ते मी लेकीच्या तोंडून सांगते. एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले, मध्ये लहानसे देऊळ. बाबा वर काहीच बोलले नाहीत, नुसते बसून राहिले, असे ती म्हणाली. मला आडोशाचे काही वाईट वाटले नाही. सासू-सुना म्हणून सतरा वर्षे एका खोलीत काढली, पण काम हातात नसताना आम्ही दोघी शेजारी शेजारी अशा कधी बसलो होतो, ते आठवेना.

उतरण्याला चढण्याइतकाच वेळ लागला. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, म्हणून वाटाड्याने काठी पुढे टेकवून, पाऊल आडवे टाकून उतरायला शिकवले. तरणी पोरे शेजारून धावत जात होती, त्यांच्याकडे बघायचे नाही असेही शिकवले. (खालच्या टप्प्यांवर शनिवार-रविवारी फार गर्दी असते. जाणाऱ्यांनी पहाटे निघावे, पाणी माणशी तीन लिटर घ्यावे, मुलांना चपलेवर नेऊ नये.)

तिसऱ्या दिवशी गावाजवळच्या एका कातळावरून दोराने खाली उतरण्याचा खेळ होता, रॅपलिंग म्हणतात त्याला. कातळ असेल तीन मजल्यांएवढा. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस, डोक्याला हेल्मेट, दोर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला. त्यावर आणखी एक सुरक्षेचा दोर, ज्याचे टोक दुसऱ्या माणसाच्या हातात. म्हणजे आपला हात सुटला तरी तो आपल्याला धरतो. प्रत्येकाची बक्कल एकजण तपासे, मग दुसरा पुन्हा तपासे, मगच कडेला जायचे. थोरली उतरली. धाकटा कडेपर्यंत गेला आणि रडू लागला, तर त्याला न हसता परत आणून सरबत दिले.

हे इतका वेळ एका बाजूला उभे होते. मग जाऊन त्यांनी दोर हातात घेतला, पीळ उलगडून पाहिला आणि विचारू लागले. हा केवढ्याचा, किती दिवस चालतो, टाकून कधी देता? संयोजक मुलाने वही दाखवली. प्रत्येक दोराला नंबर, कोणत्या तारखेला किती वापरला ते लिहिलेले. जोराचा झटका बसला, घासला, उन्हाने कडक झाला तर तो माणसांसाठी वापरायचा नाही. हे म्हणाले, "आमच्यात तुटेपर्यंत चालतो."

ह्यांची पाळी आली तेव्हा ते जिना उतरावा तसे उतरले. खाली टाळ्या पडल्या. त्या मुलाने विचारले, काका, कुठे शिकलात? "मालाडला, चौदाव्या मजल्यावर," हे म्हणाले. मुलांना विनोद वाटला. हेही हसले. पण हेल्मेटची क्लिप त्यांना काढता येईना. अठरा वर्षे दोरीच्या फळीवर बसून रंग मारतात, पण हेल्मेट त्या दिवशी पहिल्यांदा घातले होते. मी ती क्लिप काढून दिली.

परतीच्या लोकलमध्ये मुले झोपली. हे खिडकीशी बसून म्हणाले, "खेळायला दोन दोर आणि कामाला एक." मी काही बोलले नाही. २०१९ साली ह्यांच्या जोडीचा एक माणूस सहाव्या मजल्यावरून गेला, तेव्हाही दोर एकच होता. त्याची बायको आमच्याच गल्लीत राहते.

सोमवारी आजी कामावर गेल्या. एका घरी शनिवार-रविवारचे पैसे कापले, दुसऱ्या घरी कापले नाहीत. गुडघे दोन दिवस सुजले आणि उतरले. वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीत त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली, पण त्यांच्या सांगण्यात त्या दुसऱ्या पोरीला नाव मिळाले होते आणि तीही वर गेली होती. पुढच्या वेळी आणखी चार घरे येणार म्हणाली, म्हणून दर महिन्याला १०० रुपयांची भिशी सुरू झाली. पैसे आजींकडे असतात, हिशेब थोरली लिहिते.

ह्यांनी आणि आणखी सहा रंगाऱ्यांनी मिळून ठेकेदाराकडे पट्टे, हेल्मेट आणि दुसरा दोर मागितला. आधी तो म्हणाला, परवडत नसेल त्याने येऊ नये. सातही जण दोन दिवस गेले नाहीत. दोन दिवसांची मजुरी बुडाली, घरात तेल जपून वापरले. तिसऱ्या दिवशी त्याने बोलावले. पट्टे आले, हेल्मेट आली, तीही जुनी, दुसऱ्या कुठल्या कामावरची, पण आली. दुसरा दोर अजून आलेला नाही. शनिवारी पगार घेताना सातही जण एकेक करून त्याबद्दल विचारतात.